कुंदा काय म्हणालीय?

"वहिनी, पाव्हणे आलेत काय वो तुमच्यात? रात्रभर बाळ लई रडालंय. पोट दुखत असंल बघा, ओवा चावून बेंबीला लावा की."

मे महिन्यातली सकाळ, साडेसहा वाजलेले, शेजारच्या काकूंनी हातात दुधाची पिशवी घेऊन बायकोला गेटवरच अडवलं. बायको रात्रभर झोपलेली नव्हती, मी झोपलेलो नव्हतो, आई तर तीनपासनं देवासमोर जपमाळ घेऊन बसलेली, तरी बायकोनं धीर धरून सांगितलं की काकू, बाळ नव्हे ते, मांजर हाय. काकूंनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं, मग आमच्या घराकडं बघितलं, "असं होय" म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत बातमी, की ह्यांच्यात कुणाचं तरी बाळ आणून ठेवलंय आणि विचारलं तर मांजर म्हणून सांगालेत.

काकूंची चूक नाही. सयामी मांजर ओरडताना ऐकलंय त्यालाच ते कळणार. आपलं गल्लीतलं मांजर म्याव म्हणतं, विषय संपला. हे म्याव म्हणतच नाही. हे खालच्या पट्टीत "आऊंऽऽ" असं सुरू करतं, वर चढवतं, मधे एक हेलकावा घेतं आणि शेवटी पाळण्यात जागं झालेल्या तान्ह्या पोरासारखं फुटतं. आणि एकदा ओरडून थांबत नाही, तुम्ही काय उत्तर देताय ते बघतं, नाही दिलं तर तोच प्रश्न परत, जरा मोठ्यानं, सरकारी ऑफिसात आपण विचारतो तसं.

हे प्रकरण आमच्याकडं आलं मेहुण्यामुळं. तो हैदराबादला असतो, म्हणजे असायचा, कंपनीनं त्याला जर्मनीला धाडायचं ठरवलं आणि त्यानं हौसेनं घेतलेलं तीन महिन्यांचं मांजर कुठं ठेवायचं हा प्रश्न आला, तर आमच्या पोरीनं मला न विचारता फोनवर "आमच्याकडं!" असं सांगून टाकलं. आईला पटवायला मी उंदरांचं नाव पुढं केलं. येळ्ळूरची बासमतीची दोन पोती माळ्यावर होती आणि उंदरांनी एकाला भोक पाडलेलं, आई म्हणाली बरं येऊ दे, पण घरात नको, परड्यात राहू दे. परड्यात! आज ते आठवलं की आईसकट सगळे हसतात.

मेहुणा गाडीनं पाचशे किलोमीटर आला. उतरला तेव्हा डोळे सुजलेले, मला वाटलं पोराचं मन हळवं, मांजर सोडून जायचं म्हणून रडला असणार. तर म्हणाला, "नाही हो दाजी, हैदराबादपासनं इथपर्यंत ही एक मिनिट गप्प बसली नाही." एका हातात मांजराचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, आणि प्लास्टिकच्या फोल्डरात टाईप केलेले चार पानी कागद. चहा अर्धा टाकून निघाला तो. चहा टाकणारा माणूस नव्हे आमचा मेहुणा. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

कागद पोरीनं मोठ्यानं वाचायला घेतला. पहिल्याच ओळीवर भांडण. पोरगी म्हणाली, "आज्जी, पाच किलो लिटर आणायला पाहिजे." आई म्हणाली, "किलो तर किलो म्हण, लिटर तर लिटर म्हण. पीयूसीला सायन्स घेतलीस आणि एवढं कळंना तुला?" मांजर ज्यात जातं त्या वाळूला लिटर म्हणतात हे समजावायला दहा मिनिटं गेली, आणि ती वाळू पैसे देऊन विकत आणायची हे समजावायला अजून दहा, आणि ते समजल्यावर आई जी उठून गेली ती रात्री जेवायलाच आली. बाबांनी सुताराकडनं फुकट भुसा आणला. कुंदानं भुसा हुंगला, बाबांकडं बघून एक लांब वाक्य बोलली, आणि जाऊन थेट बाबांच्या पेपरावर बसली. पेपर मराठी होता म्हणून बाबा जास्त दुखावले. दुसऱ्या दिवशी मी पाच किलो लिटर आणलं.

कुंदा हे नाव पोरीनं ठेवलं, रंगावरनं. दूध आटवून आटवून कुंदा करतात ना आपल्यात, कढईच्या मधे फिकट आणि कडेला करपत आलेला तपकिरी, अगदी तसलं ध्यान. अंग मलईसारखं आणि तोंड, कान, पंजे, शेपूट काळपट. नाव सगळ्यांना आवडलं, फक्त बाबा गप्प होते, आणि जरा वेळानं म्हणाले, "माझ्या थोरल्या बहिणीचं नाव काय हाय, आठवतंय काय कुणाला?" तोपर्यंत उशीर झालेला, मांजर नावाला ओ द्यायला लागलं होतं. आत्या निपाणीला असते, वर्षातनं एकदा गणपतीला येते, बघू म्हटलं तेव्हाचं तेव्हा.

आईचं पहिलं मत असं की हिचं तोंड कुणीतरी चुलीत घातलालं. दुसरं मत, ही चकणी हाय. दोन्ही बाबतीत ती एकटी नाही. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात सयामी मांजरं पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि तिथं कुणीतरी त्यांना दुःस्वप्नातलं मांजर म्हटलेलं. आईला इंग्रजी येत नाही पण विचार जुळतात. दुसरीकडं १८७८ साली बँकॉकच्या अमेरिकन कॉन्सुलनं हेच मांजर थेट राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या बायकोला भेट म्हणून पाठवलं, बोटीनं, एवढ्या लांब. त्या बोटीवरच्या खलाशांचा मी फार विचार करतो. आमचा मेहुणा पाचशे किलोमीटरमध्ये संपला.

ही माहिती बाबांची. बाबा मराठी शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर, वय शहात्तर, घरात नवीन काही आलं की त्याचा इतिहास काढल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत, मिक्सर आणला तेव्हापण असंच झालेलं. चकणेपणावर त्यांनी थायलंडातली दंतकथा शोधून आणली, की राजाच्या सोन्याच्या पेल्यावर पहारा देताना एकटक बघून बघून ह्या मांजरांचे डोळे तिरळे झाले. आई म्हणाली, आपल्यात सोन्याचा पेला नाही तर आता सरळ बघ म्हणावं. पोरीनं मग सायन्स काढलं. तिचं म्हणणं, ह्या मांजरांत रंग तयार करणारं जे एन्झाईम असतं ते उष्णतेला टिकत नाही, मांजराचं अंग अडतीस-एकोणचाळीस डिग्री गरम, तिथं ते काम करत नाही, आणि कान, नाक, पाय, शेपूट हे भाग जरा गार, तिथं करतं, म्हणून तेवढंच काळं. पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरी असतात कारण आईच्या पोटात सगळीकडं ऊबच. डोळ्याकडनं मेंदूकडं जाणाऱ्या नसांची वाटसुद्धा त्याच जीनमुळं जरा चुकते म्हणून कितीएक सयामी मांजरं तिरळी. बाबांना दंतकथा जास्त आवडली.

आणि बाबांचा एक आवडता मुद्दा आहे, येईल त्या पाहुण्याला ऐकवतात. १९३९ ला सयामचं नाव थायलंड झालं, पण मांजर सयामीच राहिलं. मग चष्मा काढून पुसतात, आणि २०१४ ला १ नोव्हेंबरला आपल्या गावाच्या पाटीवर बेळगावचं बेळगावी कसं झालं त्याकडं येतात, आणि मग तो पाहुणा तासभर उठत नाही. मी त्यात पडत नाही, मला रिटर्न भरायचे असतात.

तर ते काम. मी व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न बघतो, घरातनंच, पुढच्या खोलीत टेबल टाकून. कागदाच्या तिसऱ्या पानावर लाल अक्षरात होतं की ह्या जातीला एकटं सोडू नये, हिला माणूस लागतं, नाहीतर कंटाळते आणि कंटाळली की नासधूस करते, शक्य असेल तर दुसरं मांजर आणा. दुसरं मांजर! मी ते पान आईच्या नजरेला पडू दिलं नाही. आम्हाला वाटलेलं मांजर म्हणजे कसं, अलिप्त, आपल्या तंद्रीत खिडकीत बसणार, पोट भरलं की ओळख विसरणार. मला तसलंच पाहिजे होतं खरं तर. ही माझ्या मागनं फिरते. मी बाथरूमात गेलो की बाहेर बसून मोठ्यानं चौकशी करते, आत काय करालास, किती वेळ लागणार, पाणी संपलंय काय. लॅपटॉप गरम होतो म्हणून तिला लॅपटॉपवरच बसायचं असतं, बाजूला केलं की परत, बाजूला केलं की परत, एकदा वीस तारखेला, शेवटचा दिवस, साईट रडतखडत चाललेली, मी पाणी प्यायला उठलो आणि येऊन बघतो तर रविवार पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या खरेदीत सातावर अकरा शून्यं. तेवढे पैसे त्या माणसानं खरंच टाकले असते तर त्यानं अख्खी रविवार पेठ, टिळकवाडी आणि वर हिंडलगा घेतला असता. मी शून्यं खोडत होतो आणि ही शेजारी बसून एकेका शून्याला आक्षेप घेत होती.

फोनवर तर विचारू नका. क्लायंट विचारतात, "साहेब, नातू झाला काय?" पहिले चार महिने सगळ्यांना सांगितलं मांजर हाय म्हणून. आता म्हणतो, होय. सोपं पडतं.

तिची एक सोय झाली ती मागच्या घरातल्या अक्कामुळं. अक्का कानडी, एकट्याच असतात, पोरं बंगळूरला. दुपारी त्या परड्याच्या भिंतीवरनं कुंदाला हाक मारतात, "बा, बा, बा!" म्हणजे ये, ये. पहिल्या दिवशी आमचे बाबाच उठून गेले. "काय वो अक्का, बोलावलासा?" अक्का लाजल्या, "नाही हो मास्तर, बेक्कला बोलावलाव." कानडीत मांजराला बेक्कु म्हणतात आणि 'पाहिजे' म्हणायला बेकु. एका क चा काय तो फरक, आणि कुंदाच्या बाबतीत तोसुद्धा नाही. आता रोज दोन वाजता "बा बा" ऐकू आलं की दोघंही मान वर करतात, बाबा आणि कुंदा, मग बाबा परत पेपरात जातात आणि कुंदा भिंतीवर. अक्का पक्क्या शाकाहारी, त्यांच्यात तिला खायला काही मिळत नाही, तरी दोन तास बसून येते. काय बोलतात माहीत नाही, पण भिंतीपलीकडनं दोन आवाज येत असतात आणि कुणी कुणाला मधे तोडत नाही.

खाण्याचं मात्र महाभारत झालं. आईनं पहिल्याच दिवशी दूधभात कालवला, मांजराला दुसरं काय घालतात! कागदात दूध नको म्हणून लिहिलेलं, मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा ते पचत नाही, पण आई म्हणाली आमच्या माहेरी खानापूरला सात मांजरं दुधावर वाढली. रात्री कुंदाच्या पोटानं काय निर्णय दिला ते लिहीत नाही, एवढंच सांगतो की आईची नवी उशी टाकून द्यावी लागली. त्यानंतर आई कागदातलं ऐकायला लागली. मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर, त्याला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं, ते मांसातनं मिळतं, भातातनं नाही, आणि कमी पडलं तर डोळे जातात, हृदय बिघडतं. कोरडे दाणे मिळतात त्यात ते घातलेलं असतं, पण नुसते दाणे बाईसाहेबांना चालत नाहीत. वर उकडलेलं चिकन कुस्करून पाहिजे. नाही दिलं तर उपास. आणि मांजरानं दोन-तीन दिवस उपास केला तर लिव्हरवर येतं म्हणे, म्हणजे हट्टालासुद्धा मेडिकल आधार.

हे सगळं ठीक होतं, मग श्रावण लागला.

आमच्यात श्रावणात घरात अंडं येत नाही. आईनं सांगितलं, घरच्या गॅसवर शिजणार नाही, घरच्या भांड्यात शिजणार नाही, माझ्या नाकाला वास लागणार नाही. मला कामं, बायकोला बँक, पोरीचं कॉलेज, राहिले कोण? हेडमास्तर. तर परड्यात पाणी तापवायचा जुना बंब आहे, त्याच्या शेजारी तीन विटा मांडून, एका जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, बाबा पावसात एका हातात छत्री धरून चिकन उकडायचे. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर बिलकुल नाही, मांजराला ते विषच. शेजारी बंबाच्या उबेला चिकटून कुंदा बसलेली, दर मिनिटाला विचारत होती झालं काय, झालं काय, आणि बाबा तिला उत्तर देत होते, "थांब की गं, कच्चं खाणार काय?" अशा वेळी, श्रावणी सोमवारी, सकाळी साडेअकराला, भजनी मंडळाचे दोघं जण वर्गणीची पावती द्यायला मागच्या दारानं आले.

एक मिनिट कुणीच बोललं नाही. कुंदासुद्धा. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिनं त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं, तर नाही. बाबा म्हणाले, "मांजराचं हाय." त्यातल्या एकानं डब्यात बघितलं, बाबांच्या तोंडाकडं बघितलं, "असं होय" म्हणाला. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या ना, त्याच सुरात. बाबांनी त्या वर्षी वर्गणी पाचशे रुपये जास्त दिली.

शालीचं प्रकरणपण बाबांचंच. इकडं सीमाभागात थंडीत गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, आणि रिटायर्ड हेडमास्तरला कुठं ना कुठं तरी शाल-श्रीफळ ठरलेलंच. नारळ आमटीत जातात, शाली ट्रंकेत. अशा अकरा शाली बाबांनी नॅप्थलिनच्या गोळ्या घालून ठेवलेल्या, त्यातली एक, कडोलीची, लाल काठाची, पावसाळ्यात पायावर घ्यायला काढली. कुंदा मांडीवर आली, पंजानं शाल मळायला लागली कणीक मळावी तशी, आणि शालीचा कोपरा तोंडात घेऊन चोखायला लागली, डोळे मिटून. बाबा विरघळलेच. "बघ, पोरकं लेकरू, आईची आठवण येत असंल." आठवडाभर हे कौतुक चाललं, आठव्या दिवशी शालीला वाटीएवढं भोक. सयामी मांजरांना लोकर चोखायची-चावायची खोडच असते, लवकर आईपासनं तोडलेल्यांना जास्त, असं कागदाच्या चौथ्या पानावर होतं, पण चौथ्या पानापर्यंत कोण वाचतंय? आणि ते गमतीचं नाही, धागे पोटात गेले तर आतडं अडकतं, ऑपरेशनवर येतं. तेव्हापासनं सगळ्या शाली, आईचं घोंगडं आणि माझी कानटोपी कपाटात कुलूप लावून, आणि बेळगावच्या पावसात, जिथं आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, आम्ही घरात कुडकुडत बसतो कारण मांजराला लोकर दिसली नाही पाहिजे. ती मात्र बंबापाशी.

गणपतीला आत्या आली. घरात आठ दिवस आधी रंगीत तालीम झाली, मांजराला कुणी नावानं हाक मारायची नाही, "ए हिला" म्हणायचं. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माजघरात मोदकाची उकड काढत बसलेली आणि स्वयंपाकघरातनं बायकोचा आवाज, "कुंदा! परत ओट्यावर चढलीस? लाज वाटत नाही काय गं, आत्ताच खाऊन झालं ना तुझं?" आत्या उकड तशीच ठेवून उठली. पुढचं मी बघितलं नाही, मी गणपतीसमोर डोळे मिटून उभा होतो, अगदी मनापासून.

पण झालं वेगळंच. दुपारी बघतो तर आत्या झोपाळ्यावर आणि कुंदा तिच्या मांडीवर. आत्याला बोलायला लागतं. निपाणीत तिचं कुणी ऐकून घेत नाही, मुलगा मोबाईलमध्ये, सून कामात. आत्या सांगत होती तंबाखूचं शेत कसं विकलं, वाटणीत कुणी काय लबाडी केली, १९८२ च्या लग्नात मानपान कुणी चुकवला, आणि प्रत्येक वाक्य संपलं की कुंदा "आऊं" म्हणत होती. आत्या म्हणायची, "बघ की!" कुंदा म्हणायची, "आऊंऽ." अडीच ते साडेपाच. जाताना आत्या मला म्हणाली, "नावाची शोभली तेवढी." मी पिशवी उचलून स्टँडकडं चालायला लागलो, जास्त विचारलं नाही.

आणि मग नवरात्रात ते झालं. एका रात्री कुंदा जमिनीवर लोळायला लागली, मागचा भाग वर, पुढचा खाली, पायांनी जमीन तुडवत, आणि आवाज तर असा की आधीचे सगळे आवाज म्हणजे रियाज होता आणि मैफल ही. मी लाईट लावला, आई आधीच उठून उभी. "बाधा झालीय," आई म्हणाली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन आईनं रात्री एकला मांजराची दृष्ट काढली. मिरच्या गॅसवर टाकल्या, आम्ही पाचजण खोकून खोकून डोळे पुसत अंगणात, आणि कुंदा आत, त्याच पट्टीत, पुढचं कडवं. अंगणातनं वर बघितलं तर आमच्या मंगलोरी कौलांवर बोके. एक दोन नव्हे, मी टॉर्च मारला तर सात जोड्या डोळे चमकले. शहापूर, वडगाव, खासबाग, कुठनं कुठनं आलेले. दोन कौलं फुटलीच त्या आठवड्यात, बिल बोक्यांना कसं धाडणार.

जनावरांचे डॉक्टर आमच्याकडं बरेच, पण बहुतेकांचा हात म्हशीवर बसलेला. ज्यांच्याकडं गेलो त्यांच्या दारात आमच्या पुढं एक म्हैस होती आणि मागं एक शेळी, मधे डब्यात कुंदा, आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा ते सांगायला नको, म्हैस वळून वळून बघत होती. डॉक्टर बाहेर आले, "एन आतरी?" म्हणजे काय झालं. मी सांगितलं बाधा, म्हणजे आई म्हणते बाधा. ते हसले. म्हणाले, "बाधा नाही वो सर, वयात आलीय. ही जात लवकर येते, काही काही पाचव्या महिन्यालाच. नर मिळाला नाही की दोन-तीन आठवड्यांनी परत हेच." दोन-तीन आठवड्यांनी परत! मी तिथंच टेबलाला धरून ऑपरेशनला होय म्हणालो. आईच्या आधी मी कधी एवढा मोठा निर्णय घेतला नव्हता, लग्नातसुद्धा नाही.

ऑपरेशन नीट झालं. पिशवी काढली, डाव्या कुशीवर चार बोटं केस भादरून छोटा टाका, आणि टाका चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा तो कर्णा. आवाज आधीच तेवढा, त्यात कर्णा. आई म्हणाली, "लाऊडस्पीकर कशाला बसवून आणलासा?" आणि खरंच, दहा दिवस ती जे बोलली ते अक्कांना भिंतीपलीकडं टीव्ही बंद न करता ऐकू गेलं. तरी ते दहा दिवस आई तिच्यापाशी जमिनीवर अंथरूण घालून झोपली. कर्णा घातला की हिला चालता येत नाही, सारखी दाराच्या चौकटीला अडकते म्हणून. परड्यात ठेवायचं ठरलेलं मांजर, आठवतंय ना.

बोके गेले. उंदीरही गेले, तिनं एकही धरला नाही, बहुतेक आवाजानंच गेले असावेत. डॉक्टर म्हणाले, नीट सांभाळलं तर ही मांजरं पंधरा-पंधरा वर्षं सहज जगतात. मी एकोणपन्नासचा. घरी येताना गाडीवर मी सगळा हिशेब केला, किती किलो लिटर होणार तो पण.

डिसेंबरात थंडी पडली आणि नवीन गंमत. कुंदाचा रंग उतरायला लागला, म्हणजे चढायला लागला, पाठ तपकिरी, मांड्या तपकिरी, मे महिन्यातली मलई पार आटली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काळवंडली की वो, उन्हात सोडतासा काय?" उलटं आहे काकू, उन्हात उजळते, गारठ्यात काळी होते, वयानंपण होते, पण हे कुणाला आणि किती वेळा सांगणार. आई डाळीचं पीठ आणि हळद कालवून तिच्या मागं लागलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

आणि डाव्या कुशीवर जिथं केस भादरलेले, तिथं नवीन केस आले ते काळेभोर. बाकी अंग दुधाळ-तपकिरी आणि मधेच रुपयाएवढा, नाही, दोन रुपयांएवढा काळा डाग. पोरीनं लगेच सांगितलं, केस नव्हते म्हणून ती जागा गार राहिली, म्हणून तिथं रंग तयार झाला, पुढं केस गळून नवीन आले की जाईल. बाबा "अस्सं" म्हणाले. आई काही बोलली नाही. तिनं कुंदाला मांडीवर घेतलं, त्या डागावरनं दोनदा बोट फिरवलं, आणि म्हणाली,

"तीट हाय ती. मी दृष्ट काढलेली फुकट गेली म्हणून हसत होतासा नव्हे सगळे? आता बघा, देवानंच लावून दिली."

"आऊंऽऽ," कुंदा म्हणाली.

"होय की गं," आई म्हणाली.